गार पाण्याची बाटली, गरम पाण्याचा शेक

गेल्या जानेवारीत, थंडीने चांगलाच जोर धरलेला असताना, भल्या सकाळी शेजारच्या आळीतून बोलावणे आले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी. मधुमेह पंधरा वर्षांचा, गोळ्या नियमित, साखर कधी आटोक्यात तर कधी नाही. उजव्या पावलाच्या कडेला तळहाताएवढा फोड आला होता, घोट्याखालची कातडी लालबुंद झाली होती आणि अंथरूण ओले होते. आजी मात्र शांतपणे चहा पीत बसल्या होत्या. "मला काहीच कळलं नाही हो डॉक्टर. सुनेनं पांघरूण काढलं तेव्हा पाहिलं," त्या म्हणाल्या.

घडले होते ते साधेच. पाय गार पडतात म्हणून आजींना रात्री शेक लागे. रबरी पिशवी गळू लागली होती. सुनेने शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली घेतली, तीत गॅसवरचे कढत पाणी भरले, बूच घट्ट लावले, टॉवेलात गुंडाळून ती पायांशी ठेवली आणि वर रजई घातली. सकाळी ती बाटली कशी दिसत होती, हे आपल्यापैकी ज्यांनी कधी असा प्रयोग केला असेल त्यांना सांगायला नको. कंबर आखडलेली, खांदे खाली आलेले, मान तिरकी, आणि बुचाच्या कडेने पाणी झिरपलेले.

सून रडवेली झाली होती. मलमपट्टी होईपर्यंत तिने मला तीनदा विचारले, "बाटली नवी होती, चांगली जाड होती. मग असं कसं झालं?" जखमेविषयी मी तिला बरेच काही सांगू शकले. बाटलीविषयी मात्र मला उत्तर देता आले नाही. तीस वर्षे दवाखाना चालवूनही, रोज हाताळल्या जाणाऱ्या या वस्तूबद्दल आपण इतके अनभिज्ञ असावे याची मला थोडी लाज वाटली.

माझ्या वर्गमैत्रिणीची मुलगी पुण्यात प्लास्टिकच्या चाचण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. पुढच्या खेपेस पुण्याला गेले तेव्हा ती आकसलेली बाटली आणि त्याच जातीची एक कोरी बाटली पिशवीत घालून मी तिच्याकडे घेऊन गेले. तिने दोन्ही उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाली, "मावशी, आपण यांची स्फटिकता मोजून बघू." त्या दिवशी दुपारभर मी जे पाहिले आणि ऐकले, ते वाचकहो, आपल्यापुढे मांडते. आपल्या घरात वृद्ध माणूस असेल, किंवा आपण स्वतःच त्या वयाचे असाल, तर हा विषय वाटतो तितका परका नाही.

स्फटिकता म्हणजे काय हे आपल्या स्वयंपाकघराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लोणी कढवून केलेले तूप सावकाश निवू दिले तर रवाळ होते. तेच तडक फ्रिजमध्ये ठेवले तर गुळगुळीत गोठते. पदार्थ एकच. पहिल्यात रेणूंना शिस्तीने रांगा लावायला वेळ मिळाला, दुसऱ्यात मिळाला नाही. साखरेचेही तसेच. पाक झटकन गार केला तर काचेसारखी आरपार दिसणारी गोळी होते, सावकाश निवला तर दाणे धरून पांढरट होतो. रांगेत बसलेल्या रेणूंच्या भागाला स्फटिकी म्हणतात आणि विस्कळीत राहिलेल्या भागाला अस्फटिकी. प्लास्टिकचे रेणू शेवयांसारखे लांबलचक असल्याने ते कधीच पूर्णपणे रांगेत बसत नाहीत. पाकिटातल्या सरळ शेवयांच्या जुड्या आणि त्यांच्या अधेमधे खिरीतल्या शेवयांचा गुंता, असे त्यांचे अंतरंग असते. जुड्यांचे प्रमाण किती टक्के, हाच स्फटिकतेचा आकडा.

पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या ज्याच्या होतात त्या प्लास्टिकचे नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, व्यवहारात पेट. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो तो याचाच. आमच्या आधीच्या पिढीला हा पदार्थ बाटलीच्याही आधीपासून माहीत आहे, फक्त वेगळ्या वेशात. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी तो शोधला आणि त्याच्या धाग्याला टेरिलीन हे नाव पडले. होय, तोच तो टेरिलीनचा शर्ट! न चुरगळणारा, धुऊन झटकला की तासाभरात वाळणारा, आणि इस्त्री जरा जास्त तापली की जागच्या जागी आकसणारा. ज्यांनी असा एखादा शर्ट इस्त्रीखाली घालवला असेल त्यांनी आजींच्या बाटलीचे रहस्य अर्धे ओळखलेच आहे. याच पदार्थाची, वायूचा दाब सोसणारी बाटली करण्याचे पेटंट अमेरिकेतील नॅथानिएल वायेथ यांना १९७३ साली मिळाले.

बाटली होण्याआधी या पदार्थाला तीन रूपांतून जावे लागते. कारखान्यात तो साबुदाण्यासारख्या पांढऱ्या, अपारदर्शक दाण्यांच्या रूपात येतो. हे दाणे बऱ्याच प्रमाणात स्फटिकी असतात. ते सुमारे २७० ते २८० अंश सेल्सिअसला वितळवून थंड साच्यात दाबले आणि झपाट्याने गार केले की रेणूंना रांगा लावायला उसंतच मिळत नाही. तयार होते ती जाड काचनळीसारखी दिसणारी, जवळजवळ पूर्णपणे अस्फटिकी नळी. वरच्या टोकाला बुचाचे आटे मात्र आधीच पडलेले असतात. ही नळी पुन्हा सुमारे १०० अंशांपर्यंत ऊबवून, आत सळई घालून लांबवतात आणि हवेच्या दाबाने फुगवतात. ओढल्या गेलेल्या शेवया सरळ होऊन जुड्या बांधतात, पण या जुड्या इतक्या सूक्ष्म असतात की उजेड त्यांना अडखळत नाही. म्हणून बाटली स्फटिकी असूनही पारदर्शक राहते, आणि पातळ असूनही चिवट. दाण्यातली स्फटिके मोठी, म्हणून ती पांढरी दिसतात. हाताशी बाटली असेल तर उपडी करून पाहा. बुडाच्या मधोमध एक ठिपका असतो. साच्यात पातळ रस तेथूनच शिरतो आणि ती जागा सर्वांत शेवटी निवते, त्यामुळे कधी कधी तो ठिपका दुधी दिसतो. रवाळ तुपाचाच तो प्रकार.

आता मोजणी. पहिली रीत पाहून मला माझे विद्यार्थिदशेचे दिवस आठवले. जुड्यांत बसलेले रेणू दाटीने बसतात, म्हणजे जितकी स्फटिकता जास्त तितकी घनता जास्त. पूर्णपणे अस्फटिकी पेटची घनता घन सेंटीमीटरला १.३३५ ग्रॅम आणि पूर्णपणे स्फटिकी पेटची १.४५५ ग्रॅम धरतात. एका उंच काचनळीत कॅल्शियम नायट्रेटचे द्रावण असे भरलेले असते की वरून खाली त्याची घनता हळूहळू वाढत जाते. ठाऊक घनतेचे रंगीत काचमणी त्यात आपापल्या पायरीवर तरंगत असतात. बाटलीचा कात्रीने कापलेला इवलासा तुकडा सोडला की तो संथपणे खाली उतरतो आणि आपल्या घनतेच्या पातळीवर थांबतो. तो १.३६५ वर थांबला तर दोन टोकांमधला पाव पल्ला त्याने गाठला, म्हणजे स्फटिकता सुमारे २५ टक्के. आपल्यापैकी ज्यांनी पूर्वी रक्तदान केले असेल त्यांना मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडलेला रक्ताचा थेंब आठवत असेल. द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.०५३, थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, तरंगला तर रक्तदात्याला परत पाठवायचे. तत्त्व तेच.

घरी करून पाहण्याजोगे यातले एवढेच: बाटलीचा तुकडा पाण्याच्या वाटीत टाकला तर बुडतो आणि बूच तरंगते. बूच वेगळ्या, पाण्याहून हलक्या प्लास्टिकचे असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

दुसरी रीत उष्णतेची. पाच-दहा मिलिग्रॅमचा कण ॲल्युमिनियमच्या टिकलीएवढ्या ताटलीत बंद करतात, शेजारी तशीच एक रिकामी ताटली ठेवतात आणि दोन्ही मिनिटाला दहा अंश या गतीने तापवतात. भरलेल्या ताटलीला किती जादा उष्णता लागते, किंवा ती किती उष्णता बाहेर टाकते, याचा आलेख यंत्र काढत जाते. हृदयाचा आलेख वाचायची सवय असलेल्या मला तो पाहताच आपलासा वाटला. कच्च्या नळीच्या कणाचा आलेख सुमारे ७५ अंशांवर एक लहानशी पायरी उतरतो; तेथे गुंता सैल होतो. सुमारे १३० अंशांवर एक उंचवटा येतो. सैल झालेल्या शेवया आता नव्याने जुड्या बांधतात आणि उष्णता सोडतात. आणि २५० अंशांच्या आसपास एक खोल दरी. सगळ्या जुड्या वितळल्या. एक ग्रॅम पूर्ण स्फटिकी पेट वितळवायला सुमारे १४० ज्यूल लागतात. समजा, दरीचे माप ४२ ज्यूल आले आणि उंचवट्याचे ७. तर मूळच्या जुड्या ३५ ज्यूलच्या, म्हणजे १४० च्या चौथ्या हिश्शाच्या, २५ टक्के.

उंचवटा वजा करावा लागतो तो का, हे मला फार आवडले. मोजण्यासाठी तापवतानाच नव्या जुड्या तयार होतात. त्या बाटलीच्या नव्हेत, मोजणीच्या. डॉक्टरांच्या खोलीत शिरताच ज्यांचा रक्तदाब वाढतो ते रुग्ण मी रोज पाहते. तेथेही आकड्यातून भेटीचा भाग वजा करता आला असता तर किती गोळ्या वाचल्या असत्या! क्ष-किरणांची तिसरीही रीत आहे. रांगेतल्या रेणूंवरून परतलेले किरण टोकदार शिखरे देतात आणि गुंता नुसता पसरट फुगवटा. पण माझ्या बाटल्यांसाठी पहिल्या दोन पुरेशा होत्या.

तर, आजींच्या बाटलीचा निकाल काय आला? मला वाटले होते की गरम पाण्याने तिची स्फटिके मोडली असतील. तसे मुळीच नव्हते. कोऱ्या बाटलीच्या अंगाची स्फटिकता अशा बाटल्यांची साधारण असते तशी, पावाच्या आसपास होती आणि आकसलेल्या बाटलीची तिच्याहून कमी झालेली नव्हती. जुड्या २५० अंशांपर्यंत वितळत नाहीत, मग उकळत्या पाण्याने त्यांना काय होणार? दगा दिला तो उरलेल्या पाऊण भागाने. फुगवताना ताणून धरलेला तो गुंता ७० ते ८० अंशांच्या वर सैल होतो आणि ताणलेला रबर सोडावा तसा आखडतो. टेरिलीनचा शर्ट इस्त्रीखाली हेच करतो. बाटलीची मान मुळातच फुगवलेली नसल्याने ती फार आखडत नाही, पण अस्फटिकी असल्यामुळे मऊ पडते. बूच मात्र दुसऱ्याच प्लास्टिकचे, ते या तापमानाला घट्टच राहते. मऊ मान आणि कडक बूच यांचे आटे मग एकमेकांना धरून राहत नाहीत. सुनेच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. बाटली नवी असो वा जुनी, जाड असो वा पातळ, तिला त्या कामासाठी घडवलेलेच नव्हते.

गरम भरल्या जाणाऱ्या बाटल्या नसतात असे नाही. काही फळांच्या रसांच्या बाटल्यांची मान दुधी पांढरी असते, ती पाहिली असेल. रस सुमारे ८५ अंशांना भरायचा असतो, म्हणून कारखान्यात ती मान मुद्दाम तापवून पूर्ण रवाळ केलेली असते आणि अंगही ताणलेल्या स्थितीतच ऊब देऊन स्थिर केलेले असते. तरीही ती एकदा भरून लगेच निववण्यासाठी आहे. घरी रोज कढत पाणी भरण्यासाठी नाही. दवाखान्यात वाफेने निर्जंतुक करायच्या वस्तूंसाठी पॉलिप्रॉपिलीन वापरतात. त्याच्या जुड्यांचे प्रमाण बरेच जास्त असते आणि त्या १६० अंशांपर्यंत टिकतात. या प्लास्टिकचा आकडा ५. उलट, पॉलिकार्बोनेटमध्ये जुड्या जवळजवळ नसतातच, तरी त्याचा गुंता दीडशे अंशांच्या आसपासपर्यंत सैल होत नाही. गरम पाण्याने ते वाकत नाही, पण त्यातून बिस्फेनॉल ए हे शरीराला न मानवणारे द्रव्य झिरपू शकते. थोडक्यात, आकार टिकला म्हणजे पाणी निर्धोक राहिले असे नव्हे, आणि स्फटिकतेच्या आकड्यावरून तेवढे कळतही नाही.

येथे आपण विचाराल, की मग पेटच्या बाटलीतून काय झिरपते? बिस्फेनॉल ए पेटमध्ये नसते. त्याची धास्ती या बाटलीपुरती तरी सोडून द्या. पेट तयार करताना अँटिमनी या धातूचे संयुग वापरतात आणि त्याचा अंश पाण्यात उतरतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात बाटलीबंद पाण्यावर झालेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत बोलका आहे. तेथील मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅमची. बाटली ६० अंशांत ठेवली तर ती ओलांडायला १७६ दिवस लागतील, पण ८० अंशांत जेमतेम सव्वादोन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा याहून सैल, २० मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे सावलीत ठेवलेल्या गार पाण्याच्या बाटलीची भीती बाळगण्याचे कारण नाही. उन्हात बंद गाडीत दिवसेंदिवस पडलेली पेटी मात्र मी माझ्या घरी प्यायला घेणार नाही. २०१४ साली आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती यांच्या पातळ औषधांसाठी अशा बाटल्या बंद करण्याचा मसुदाही काढला होता. ती बंदी अमलात आली नाही. तेव्हा सिरपची बाटली खिडकीतल्या उन्हात किंवा शेगडीजवळच्या फळीवर न ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे.

माझी खरी काळजी मात्र झिरपणाऱ्या अँटिमनीची नाही, पायाची आहे. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या पावलांतली संवेदना हळूहळू जाते आणि ती गेल्याचे त्यांना स्वतःला कळत नाही. गंमत अशी की पाय 'गार पडतात' ही तक्रार पुष्कळदा त्या बिघडलेल्या नसांचीच असते. हात लावला तर पाय उबदार असतो. अशा पायाला शेक देणे म्हणजे मुक्या माणसाला चटका देणे. आणि त्यासाठी पाणी उकळतेच असायला हवे असेही नाही. ६० अंशांचे पाणी निरोगी कातडीला काही सेकंदांत भाजते हे आपण जाणतो; पण ४४ अंशांची, हाताला सुखद वाटणारी उष्णता एकाच जागी सहा तास टेकून राहिली तरी कातडी भाजते, हे १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे. वृद्धांची पातळ कातडी तेवढा वेळही घेत नाही. म्हणून रात्रभर पायांशी ठेवलेली रबरी पिशवी न गळणारी असली, तरी ती माझ्या दृष्टीने तितकीच घातक आहे.

संवेदना शाबूत असेल तर गुडघ्याला, पाठीला शेक जरूर द्यावा. रबरी पिशवी दोन तृतीयांश भरावी, हवा काढून टाकावी, टॉवेलाची घडी मध्ये घ्यावी, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पिशवी उचलावी. झोपताना नको. पाणी किती गरम आहे हे घरातल्या ज्याला मधुमेह नाही त्याने कोपराने तपासावे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पावलांची तपासणी करून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून, स्पर्श कळतो का एवढेच पाहायचे असते. दोन मिनिटांचे काम आहे. तो तंतू कळत नसेल तर पायाला शेक बंद. त्याऐवजी लोकरीचे सैल मोजे घालावेत.

आणि भाजलेच, तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. वीस मिनिटे फार मोठी वाटतात, घड्याळ लावूनच धरावीत. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद, शाई, तूप काहीही नको. फोड फोडू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे यावे. मधुमेह असेल तर फोड कितीही लहान असो, त्याच दिवशी यावे.

आजींची जखम भरायला नऊ आठवडे लागले. करंगळीजवळ एकदा पू झाला होता, तेव्हा दोन रात्री मलाही नीट झोप आली नाही. आता त्या काठी न घेता देवळापर्यंत जातात. त्या घरात आता पिण्याच्या गरम पाण्यासाठी स्टीलचा थर्मास आला आहे आणि सुनेने पेटच्या सगळ्या बाटल्या माळ्यावर टाकल्या आहेत. परवा आजी पायाची पट्टी दाखवायला आल्या तेव्हा माझ्या टेबलावरची ती आखडलेली बाटली त्यांना दिसली. बराच वेळ तिच्याकडे पाहून त्यांनी विचारले, "डॉक्टर, माळ्यावरच्या बाटल्यांत गोडं तेल भरून ठेवलं तर चालेल का?"

"चालेल," मी म्हटले, "पण घाण्यावरचं. तळणीचं उरलेलं असेल, तर पुरतं निवल्यावर."